बाळ पोटात असताना कुणालाच शब्द देऊ नकोस

पत्र : ताई, मी सव्वीस वर्षांची आहे. मूळची लातूरकडची. पुण्यात कपड्यांच्या दुकानात सेल्सला आहे, कॉट बेसिसवर राहते. मला सातवा महिना लागलाय. त्याने लग्नाचं वचन दिलं होतं, चौथ्या महिन्यात नंबर बंद करून निघून गेला. घरी कुणालाच माहीत नाही. सणाला सुट्टी नाही सांगून गावी जायचं टाळलं. एकदाच खासगी दवाखान्यात गेले, तर आता उशीर झालाय म्हणाले. तिथे काम करणाऱ्या एका मावशींनी बाहेर गाठून सांगितलं, की मूल नसलेलं एक चांगलं जोडपं आहे. सगळा खर्च ते करतील, वर दीड लाख देतील. फक्त ॲडमिट त्या बाईच्या नावाने व्हायचं. खोलीभाडं थकलं होतं म्हणून मी दहा हजार घेतलेसुद्धा. बाळ चांगल्या घरी जावं एवढीच माझी इच्छा आहे, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. बाळ कायद्याने देता येतं का? त्याला किती खर्च येतो? घरी कळेल का? आणि मूल देऊन टाकणाऱ्या आईला पुढे कोण माफ करतं? — एक वाचक, पुणे

प्रिय मैत्रिणी,

खर्चाचं आधी सांगते, कारण त्याच काळजीने तुला त्या मावशींच्या दारात नेलंय. बाळ दत्तक देण्याचा सरळ, कायदेशीर मार्ग आहे आणि त्यासाठी तुला एक रुपयाही मोजावा लागत नाही. तपासण्या, बाळंतपण, गरज पडली तर राहायला जागा, समुपदेशन, वकील, या सगळ्याची मोफत सोय आहे. आणि ही मदत घेतली म्हणून बाळ द्यावंच लागतं, असं मुळीच नाही. मदतीच्या बदल्यात जो बाळाचा शब्द मागतो, तो सौदा करत असतो. तुझ्याशी तेच झालंय.

‘ॲडमिट त्या बाईच्या नावाने व्हायचं’ हे वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला. याचा अर्थ काय होतो ते नीट बघ. केस पेपरवर नाव तिचं, वय तिचं, जुने रिपोर्ट तिचे. तुझं हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, यातलं काहीच त्या कागदावर खरं नसणार. बाळंतपणात रक्तस्राव वाढला तर मिनिटामिनिटाला महत्त्व असतं, आणि तेव्हा डॉक्टरांच्या हातात दुसऱ्याच बाईची फाइल असेल. जन्मदाखल्यावरही नाव तिचंच लागेल. आठ दिवसांनी तुझं मन बदललं, तर हे बाळ माझं आहे हे दाखवायला तुझ्याकडे एक चिठोरंसुद्धा नसेल.

शिवाय हा गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ८१प्रमाणे मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो. बाळ ज्यांच्या ताब्यात असतं अशा दवाखान्याच्या किंवा प्रसूतिगृहाच्या कर्मचाऱ्याला कमीत कमी तीन आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. उद्या हे उघडकीला आलं तर ‘विकणारी’ म्हणून कागदावर तुझंच नाव येईल, आणि सगळं ठरवणारे लोक हात वर करतील. त्या जोडप्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण त्यांनाही हा रस्ता कुणीतरी चुकीचा दाखवलाय.

आता खरा रस्ता. लग्नाशिवाय झालेलं बाळ द्यायचा अधिकार एकट्या आईचा असतो. बापाची सही लागत नाही, तुझ्या आईवडिलांचीही नाही. तू सज्ञान आहेस. मात्र हे बाळ जन्मल्यानंतरच होतं. कायद्यात स्पष्ट आहे, की बाळाला बाल कल्याण समितीपुढे आणायचं आणि तिथेच बाळ सोपवल्याचा, म्हणजे ‘सरेंडर’चा, कागद करायचा. म्हणजे बाळ पोटात असताना तुझ्याकडून कुणी काही लिहून घेतलं, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर घेतलं, तरी त्याला काडीची किंमत नाही. पुढचे दोन-अडीच महिने तुला फक्त स्वतःची तब्येत सांभाळायची आहे. निर्णय आत्ता घ्यायचाच नाहीये.

बाल कल्याण समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात निदान एक स्त्री. ‘समिती’ म्हटलं की पोटात गोळा येतो, म्हणून ती खोली कशी असते ते सांगते. लांब टेबल, फायलींचे गठ्ठे, पलीकडे दोन-चार माणसं. बाहेर बाकावर खाकी कपडे दिसले तर दचकू नकोस. हरवलेली, पळून आलेली, कामावरून सोडवलेली मुलं घेऊन पोलीस रोजच तिथे येतात, ते तुझ्यासाठी आलेले नसतात. अविवाहित आईचा कागद शक्यतो समितीच्या एकट्या स्त्री सदस्यापुढे व्हावा, असं नियमात आहे. तू ते मागून घे. सरळ म्हण, ‘मला मॅडमशी एकटीने बोलायचंय.’ अर्ज भरायला जमत नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तो भरून देतो.

समितीचे लोक तुला समजावतील, बाळ स्वतःकडे ठेवता येतंय का ते पुन्हा पुन्हा विचारतील. त्याचा राग मानू नकोस. ती चौकशी आणि समुपदेशन त्यांना कायद्यानेच बंधनकारक आहे. पण समजावणं वेगळं आणि ‘पाप केलंस, आता निस्तर’ हा सूर वेगळा. तो सूर कुणी लावला तर तिथेच थांब आणि वकील माग. आपल्याकडे खुर्चीवर बसल्यावर अविवाहित मुलीला दोन शब्द सुनावायचा हक्क आहे असं काहींना वाटतं. तो कुणालाही नाही.

कागदावर सही झाल्यावर साठ दिवस तुझे असतात. त्या मुदतीत तू कधीही बाळ परत मागू शकतेस. साठ दिवस उलटले की निर्णय कायमचा होतो, मग कुणाच्याच हातात काही उरत नाही. माझं मत विचारशील तर ओल्या बाळंतिणीला हे दिवस थोडे आहेत. शरीर सावरायलाच सहा आठवडे जातात, मनाचं तर सोडूनच दे. म्हणून माझा सल्ला असा, की हॉस्पिटलमधून घरी सोडतात त्याच दिवशी सही करू नकोस. सहीला कुठलीही शेवटची तारीख नसते. दोन-तीन आठवडे थांबलीस तर विचाराला तेवढे दिवस जास्त मिळतात. सही केलीस की तिची प्रत मागून घे. ती तुला देणं त्यांचं काम आहे. तारीख त्यावरूनच मोजायची असते.

घरी कळेल का? सरेंडर केलेल्या बाळाची कुठलीही जाहिरात किंवा नोटीस निघत नाही, आणि आईची ओळख जपायची असा नियम आहे. उलट, घाबरून बाळ कुठेतरी ठेवून दिलं तर ते ‘सोडून दिलेलं बालक’ ठरतं आणि आईवडिलांच्या शोधासाठी त्याचा फोटो वर्तमानपत्रात छापावा लागतो. म्हणजे लपवायला जावं आणि तेच चव्हाट्यावर यावं. बाळाच्या जिवाला धोका तो वेगळाच. तुझी भीती पहिल्याच भेटीत समाजसेविकेला सांग. कुठल्या नंबरवर फोन करायचा, गावच्या पत्त्यावर कुणी जायचं नाही, हे तिच्याकडून लिहून घे.

समितीच्या मार्गाने बाळ कुणाकडे जाणार हे तुला निवडता येत नाही, हेही आधीच कळलेलं बरं. मूल हवं असलेली माणसं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, नाव नोंदवतात. त्यांच्या घरी जाऊन चौकशी होते. उत्पन्न, तब्येत, नाती, सगळं पाहिलं जातं. मग ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे बाळाची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचते. दत्तकाचा आदेश २०२२पासून जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, बाळ कसं आहे हे पाहायला समाजसेवक जातात. ‘चांगलं घर’ म्हणून त्या मावशींनी तुला तोंडी जी हमी दिली, तिच्यामागे यातलं काहीही नाही. त्या घरात बाळाला पुढे आजार निघाला, किंवा त्या दोघांनाच मूल झालं, तर तुझ्या बाळाचं काय, हे विचारायला कोण जाणार आहे?

आता तुझ्या तब्येतीकडे वळते. तू एकदाच डॉक्टरकडे गेलीस हे वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. याच आठवड्यात ससूनला किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात स्वतःच्या नावाने नोंदणी कर. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११पासून बाळंतपण मोफत आहे. सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, तिथे असेपर्यंतचं जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी, सगळं त्यात येतं. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती तारीख चुकवू नकोस. माता व बाल संरक्षण कार्ड घे. लोहाच्या गोळ्या, टीडीचं इंजेक्शन, रक्तदाब, साखर, हे सगळं राहून गेलंय. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर दुकानाची ड्यूटी संपायची वाट बघू नकोस. १०८ला फोन कर.

खिडकीवर नवऱ्याचं नाव विचारतील. ‘लग्न झालेलं नाही’ एवढंच सांग. सज्ञान स्त्रीला उपचार द्यायला लग्नाचा दाखला लागत नाही, आणि सिझेरियनच्या संमतीपत्रावर तुझी स्वतःची सही चालते. कुणी अडवलं तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांचा विभाग विचारत जा. मोठ्या सरकारी रुग्णालयात हा विभाग असतोच, आणि तुझ्यासारख्या मुली त्यांनी पाहिलेल्या असतात. दत्तक संस्थेशी, समितीशी गाठ घालून द्यायचं काम तेच करतात. ससूनमध्ये ‘श्रीवत्स’ हे दत्तक केंद्र आहे. पुण्यात भारतीय समाज सेवा केंद्रही अनेक वर्षं दत्तकाचं काम करतंय. अशा मान्यताप्राप्त संस्थेत बाळंतपणाआधीच जाऊन समुपदेशकाशी बोलता येतं. नुसतं बोलायला गेलीस म्हणून तू कशालाच बांधली जात नाहीस.

पोट दिसायला लागल्यावर खोलीवर राहणं अवघड होईल. तेव्हा १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर. सखी वन स्टॉप सेंटरमधून तात्पुरता आसरा मिळतो, आणि बाळंतपण होईपर्यंत, त्यानंतरही काही काळ राहायला शक्ती सदन आहे. कायद्याच्या कुठल्याही प्रश्नाला विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० आहे. बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, मग ती अविवाहित असो की विवाहित. बाळाबद्दल काहीही असलं तर १०९८. रात्री जीव नकोसा झाला तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६. हे सगळे फोन फुकट आहेत.

ही सोय कुणी उपकार म्हणून काढलेली नाही, आणि ती परदेशातूनही आलेली नाही. तू ज्या शहरात राहतेस तिथेच १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, विधवा बायकांना गुपचूप आणि सुखरूप बाळंत होता यावं म्हणून. मूल न्यायचं की तिथेच ठेवायचं हे बाईने ठरवायचं. काशीबाई या विधवेच्या तिथेच जन्मलेल्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. पुढे पंढरपुरातही असंच गृह उभं राहिलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या दारात बाईकडे ना पैसे मागितले गेले, ना खुलासा. आजच्या दाराशीही तू तेवढंच मागते आहेस.

तुझ्या पत्रात एक वाक्य नाही, म्हणून मीच विचारते. बाळ ठेवावंसं वाटतं का? ‘चांगल्या घरी जावं’ असं तू लिहिलंस, ‘मला नकोय’ असं लिहिलं नाहीस. नको असेल तर तसं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, त्यात लाजायचं काही नाही. पण केवळ भाडं थकलंय आणि घरचे काय म्हणतील, एवढ्यावर ठरवत असशील तर आधी बाकीची माहिती ऐकून घे. एकट्या आईच्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये मिळतात. ते पुरेसे नाहीत, हे मलाही दिसतं. लग्न झालेलं नसलं तरी मुलाची पोटगी देणं बापावर बंधनकारक आहे. त्याचा नंबर बंद असला म्हणून जबाबदारी बंद होत नाही, विधी सेवेचा वकील तो दावा फुकट लावतो. बापाच्या नावाशिवाय जन्मदाखला मिळतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तसं सांगितलंय. तू पायावर उभी राहीपर्यंत बाळ तात्पुरतं शिशुगृहात ठेवायचा आदेशही समिती देऊ शकते. हे सगळं ऐकूनही दत्तकच द्यायचं ठरलं, तर तो विचार करून घेतलेला निर्णय असेल. माझ्या लेखी दोन्ही निर्णय सारखेच आईचे आहेत.

बाळंतपणानंतरचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. बाळ दिलं तरी दूध येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, ताप चढतो, झगा ओला होतो, आणि रडू आवरत नाही. दूध थांबवण्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेव, स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नकोस. ‘बाळाकडे बघू नकोस, माया लागेल’ असं वॉर्डातली एखादी बाई हमखास म्हणेल. बघायचं असेल तर बघ. पाजायचं असेल तर पाज, चीक बाळाला मोलाचा असतो. नको वाटलं तर नको. पुढे कित्येक महिने रस्त्यात तान्हं बाळ दिसलं की पोटात तुटेल. दुःख झालं म्हणजे निर्णय चुकला, असा त्याचा अर्थ लावू नकोस. पण दोन आठवडे उलटले तरी झोप-जेवण सुटलेलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. सरेंडर झाल्यावरही समुपदेशकाकडे जात राहा.

माफीचं विचारलंस. माफी मागण्यासारखं तू काय केलंस ते मला पत्रात सापडलं नाही. पण मोठं झालेलं बाळ एक दिवस ‘असं का?’ विचारील, आणि त्याचं उत्तर आज तुझ्या हातात आहे. अठरा वर्षांनंतर दत्तक गेलेली व्यक्ती स्वतः अर्ज करून आपल्या जन्माची माहिती मागू शकते. तुझं नाव गुप्त ठेवायचं असेल तर सरेंडरच्या वेळीच तसं लिहून दे. मग तुला विचारल्याशिवाय ते सांगता येत नाही. तू नको म्हणालीस तर बाळ कुठल्या परिस्थितीत दिलं एवढंच त्याला सांगतात. म्हणून ती परिस्थिती तूच लिहून फाइलला लाव. तुमच्या घरात साखर, रक्तदाब, दमा कुणाला आहे तेही लिही, त्याच्या डॉक्टरांना उपयोगी पडेल. तू काय काम करत होतीस, त्याचं नाव मनात काय ठेवलं होतंस, हेही लिही. साध्या वहीच्या कागदावर चालेल.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या मुलींसाठी दोन ओळी. दिवस लवकर लक्षात आले तर चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा कायदेशीर मार्ग अविवाहित स्त्रीलाही खुला आहे, २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर रुग्णालयाला पोलिसांना कळवावंच लागतं. त्यात ती आरोपी नसते, आणि वरची सगळी मदत तिलाही तशीच मिळते.

आता ते दहा हजार. त्यांच्यामुळेच तू गप्प बसली आहेस असं मला वाटतं. घेतले म्हणजे शब्द दिला, असं मनाशी धरून बसू नकोस. त्या पैशांनी तुझ्यावर किंवा बाळावर कुणाचाही हक्क तयार झालेला नाही. ते परत करायला एकटी त्या मावशींकडे जाऊ नकोस. त्यांनी बोलावलेल्या ठिकाणी जाऊ नकोस, आणि आधार कार्ड, जुनी सोनोग्राफी त्यांच्या हातात देऊ नकोस. दिलं असशील तर तसं वकिलाला सांग. उद्या दुकानात जायच्या आधी १५१००ला फोन लाव आणि म्हण, ‘मी सात महिन्यांची गरोदर आहे, लग्न झालेलं नाही, बाळाच्या बदल्यात मला पैसे दिलेत, मला वकील हवाय.’ पैसे कसे आणि कुणासमोर परत करायचे ते वकील सांगेल. फोनवर ‘तक्रार करायची का?’ असं विचारलं तर ‘आधी बोलायचंय’ एवढं सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
ताई